संगणकातला जुना ट्रॅक्टर आणि साखळी बांधण्याची जागा

या पानावर आम्ही आजवर भातावरची कीड, उसाचे पाचट, जनावरांचे लाळ्या-खुरकूत, साखरेचा विकार आणि सर्पदंश अशा विषयांवर लिहीत आलो आहोत. या वेळी संगणकावरच्या एका खेळाविषयी लिहावयाचे आहे. हे वाचून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल. मुले रात्ररात्र त्या पडद्यापुढे बसतात ही तक्रार घरोघरची आहे, आणि आम्ही तिच्या विरुद्ध बोलत नाही. परंतु शेवटपर्यंत वाचावे, कारण विषय खेळाचा असला तरी गोष्ट ट्रॅक्टर उलटण्याची आहे. आमच्या सेवेच्या वर्षांत ट्रॅक्टरखाली सापडून गेलेल्या दोघांच्या मातीला आम्ही उभे राहिलो. दोघेही चांगले वाकबगार चालक होते.

खेळाचे नाव ‘स्क्रॅप मेकॅनिक’. तो स्वीडन देशातील एका लहान मंडळीने तयार केला आणि २०१६ पासून तो लोकांच्या हाती आहे. त्याची गोष्ट अशी की, एका दूरच्या ग्रहावर सगळी शेती यंत्रे करतात आणि ती यंत्रे एके दिवशी पिसाळतात. पण पुष्कळ मुले ती गोष्ट बाजूला ठेवून नुसती वाहने बांधीत बसतात. खेळात ठोकळे मिळतात: लाकडाचे हलके, लोखंडाचे व काँक्रीटचे जड. इंजिन, बसण्याची खुर्ची, चाके, स्प्रिंगा आणि बेअरिंग मिळतात. ठोकळ्याला बेअरिंग लावावे, बेअरिंगला चाक लावावे, इंजिनाची तार बेअरिंगला जोडावी, म्हणजे चाक फिरू लागते. एक ठोकळा पंचवीस सेंटिमीटरचा. चार ठोकळे म्हणजे एक मीटर. यात महत्त्वाचे हे की बांधलेल्या वस्तूला वजन असते. चुकीचे बांधले तर वाहन कलंडते, गरगरते किंवा पाठीवर पडते. कोणी येऊन ‘चूक’ असा शेरा मारत नाही; वाहन पडते, तोच शेरा.

आमच्या अनगोळच्या एका घरातील मुलाने सुट्टीत असे ठरविले की आपल्या आजोबांचा जुना मॅसी ट्रॅक्टर जसाच्या तसा या खेळात उभा करावयाचा. आजोबांचा ट्रॅक्टर गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभा आहे. अजून चालू होतो, पण आता फारसा शिवारात जात नाही. मुलाने टेप घेऊन त्याची लांबीरुंदी मोजली, वहीत लिहिली, आणि मग त्या जातीच्या ट्रॅक्टरांचा मूळ पुरुष कोण याचा शोध घेत मागे मागे गेला.

मूळ पुरुष म्हणजे करड्या रंगाचा लहानसा फर्ग्युसन, टी-ई-२०. इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तो पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. त्याच्या मागोमाग फर्ग्युसन ३५ आला, तोच पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ झाला. १९६० मध्ये मद्रास येथे ‘टाफे’ कंपनी निघाली आणि मॅसीच्या सहकार्याने आपल्या देशात हे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. आपल्याकडचा १०३५ त्याच घराण्यातला. हा करडा फर्ग्युसन किती काटक होता याचा एक दाखला द्यावासा वाटतो. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच ट्रॅक्टरांवर, चाकांवर पट्टे चढवून.

मुलाने म्हणून आधी करडा फर्ग्युसन बांधावयास घेतला. तो साधा आहे. त्याला वेगळी चौकट अशी नाहीच. पुढे इंजिन, मध्ये गिअरची पेटी, मागे आसाचे घर, हे तिन्ही एकमेकांना बोल्टांनी आवळले की तोच कणा. ठोकळ्यांच्या खेळाला हे सोयीचे. पुढच्या व मागच्या आसामधील अंतर सत्तर इंच, म्हणजे सुमारे १७८ सेंटिमीटर, सात ठोकळे. खेळात चाके मात्र तयार मापाची मिळतात, एक लहान आणि एक मोठे, त्यामुळे चाकाच्या मापाला बाकीचे अंग जुळवून घ्यावे लागले. हे काम त्याने चार-पाच वेळा मोडून पुन्हा केले.

बेळगावच्या माणसाला अशा कामाचे अप्रूप वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच गावात सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर येथेच घडविले, आणि १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. त्याआधी ते मुंबईला यंत्रांची चित्रे काढावयास शिकवीत असत. नांगर ओतण्यापूर्वी तो कागदावर उतरवता आला पाहिजे, ही त्यांची रीत. कागदाच्या जागी आता पडदा आला. फरक असा की कागदावरचा नांगर ओढता येत नाही आणि पडद्यावरचा ट्रॅक्टर चालवून पाहता येतो.

आता पहिली गंमत. फर्ग्युसनचा पुढचा आस दोन्ही बाजूंनी पक्का नसतो. नाकाखाली मधोमध एका खिळीवर तो झुलतो, म्हणजे एक चाक बांधावर चढले तरी बाकीची तीन जमिनीवर राहतात. आपल्याकडचे बहुतेक सगळे ट्रॅक्टर असेच आहेत. मुलाने नाकाखाली एक बेअरिंग लावून तसा झुलता आस केला. पहिल्याच उतारावर वळताना ट्रॅक्टर कुशीवर पडला. त्याला वाटले आपण काही चुकीचे जोडले. चुकीचे काहीच नव्हते. पुढचा आस झुलता असला म्हणजे ट्रॅक्टरला चार पाय असूनही तो तिवईसारखा उभा असतो: मागची दोन चाके हे दोन पाय, आणि नाकाखालची ती खिळी हा तिसरा. पुढची चाके कितीही रुंद असली तरी कलंडू लागल्यावर ती पटकन आधार देत नाहीत. आस झुलून अडकेपर्यंत ट्रॅक्टर हातचा गेलेला असतो. ‘चार चाकांवर आहे, पडतो कसा?’ असे म्हणणाऱ्यांनी ही तिवई डोळ्यांपुढे आणावी. गाडीच्या जिवावर ट्रॅक्टर वळवू नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि ती समजावून सांगण्यासाठीच हा लेख.

ट्रॅक्टर चालू लागल्यावर मुलाने त्याच्यामागे काँक्रीटच्या ठोकळ्यांचा बोजा जोडला. या खेळात दोर किंवा साखळी नाही, म्हणून त्याने दोन टोकांना बेअरिंग लावलेली एक दांडी केली. दांडी जोडावयास सोयीची जागा म्हणून ती चालकाच्या खुर्चीखाली, मागच्या आसाच्या वर जोडली. इंजिनाला जोर दिला. बोजा हलला नाही. ट्रॅक्टरचे नाक मात्र वर गेले, आणखी वर गेले, आणि ट्रॅक्टर खुर्चीसकट पाठीवर आला. मुलाला हसू आले. त्याने नाकात काँक्रीटचे ठोकळे भरले. मग ट्रॅक्टर उलटेना, पण तो फर्ग्युसनही राहिला नाही. धोंडा बांधलेले काहीतरी झाले. पुन्हा ठोकळे काढले, पुन्हा उलटला. असे पुष्कळ वेळा झाल्यावर त्याने दांडी खाली आणली, आसाच्या खाली, जिथे खऱ्या ट्रॅक्टरला ड्रॉबार असतो तिथे. इंजिन तेच, बोजा तोच, वजन तेच. नाक जरा हलके झाले, चाके जागच्या जागी घसरली, ट्रॅक्टर उलटला नाही.

त्याने आम्हांला विचारले, “फादर, असं का?” आम्ही काही इंजिनिअर नव्हे, पण हा हिशोब शाळेच्या गणिताचा आहे.

मागे जेवढी ओढ लागते, ती पुढच्या चाकांवरचे वजन उचलते. किती उचलते? ओढ गुणिले हुकाची जमिनीपासूनची उंची, भागिले दोन आसांमधील अंतर. समजा ट्रॅक्टर अकराशे किलोचा आहे आणि त्यातील एक तृतीयांश वजन, सुमारे ३७० किलो, पुढच्या चाकांवर आहे. ओढ समजा ७५० किलोची. हूक जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर असेल तर साडेसातशे गुणिले चाळीस, भागिले १७८: सुमारे १७० किलो उचलले जातात. पुढे दोनशे किलो शिल्लक राहतात. नाक जमिनीवर राहते, वळवता येते. तीच ओढ ९० सेंटिमीटरवर, म्हणजे टॉप लिंक जिथे अडकवतात साधारण त्या उंचीवर, साखळी बांधून दिली तर ३८० किलो उचलले जातात. पुढे होते ३७०. उत्तर शून्याच्या खाली गेले. नाक हवेत.

आणि एवढ्यावर थांबत नाही. खाली ड्रॉबारला बांधलेले असेल तर नाक वर जाताना ड्रॉबार आणखी खाली जातो आणि ओढीचा उलटवण्याचा जोर कमी होत जातो. चाक घसरते आणि नाक परत खाली येते. साखळी वर बांधलेली असेल तर ही सवलत फार उशिरा मिळते. तोवर ट्रॅक्टरचे वजन मागच्या आसाच्या पलीकडे गेलेले असते. नाक उठल्यापासून परत न येण्याच्या टप्प्यापर्यंत एक सेकंदही लागत नाही असे सांगतात. तेवढ्या वेळात माणसाचा पाय क्लचवर पोहोचत नाही. ‘मी क्लच दाबीन’ हा ज्याचा भरवसा आहे, त्याने मुलाला सांगून तो प्रयोग पडद्यावर करून पाहावा.

आपल्या लोकांना हे नवीन वाटू नये. बैलाच्या नांगराला जू कुठे, दांडी किती लांब, दोर किती वर बांधला, यावर फाळ खोल जातो की उथळ, हे आपल्या वाडवडिलांना हातानेच कळत होते. ओढीची रेषा बदलली की नांगर बदलतो. तोच कायदा ट्रॅक्टरला आहे. एक मोठा फरक मात्र आहे. फाळ मुळीत किंवा खडकात अडकला की बैल थांबतो. इंजिन थांबत नाही. त्याला बोजा ओढता आला नाही तर ते स्वतःच्याच धडाला आसाभोवती फिरवू पाहते. चाक फिरू शकले नाही, तर ट्रॅक्टर चाकाभोवती फिरतो.

हे दुखणे जगाला फार पूर्वीच ठाऊक झाले होते. १९१७ मध्ये हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर निघाला. तो स्वस्त होता, हलका होता, आखूड होता आणि मागे नांगर ओढून नेत असे. नांगर अडकला की तो पुष्कळदा मागे उलटे. माणसे मेली. पुढे त्याला मागे लांब शेपटासारखे मडगार्ड बसविण्यात आले, उलटताना ते जमिनीला टेकावेत म्हणून. त्याच सुमारास आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन या माणसाला सरकारने ट्रॅक्टरांची पाहणी करावयास सांगितले. शेतकऱ्याच्या घरी १८८४ मध्ये जन्मलेला हा माणूस आधी मोटारी दुरुस्त करीत असे आणि १९०९ मध्ये त्याने स्वतः बांधलेले विमानही उडविले होते. त्याने पाहिले की नांगर आणि ट्रॅक्टर या दोन वेगळ्या वस्तू साखळीने बांधल्या आहेत, आणि दोष त्या बांधण्यात आहे.

त्याने काढलेला उपाय आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे आहे: खाली दोन ओढणाऱ्या भुजा आणि वर एक टॉप लिंक. खालच्या दोन भुजा नांगराला ओढतात. नांगर मातीत चालताना वरून पुढे झुकू पाहतो, म्हणून टॉप लिंक ट्रॅक्टरला मागून पुढे ढकलते. वरच्या जागी ओढ नाही, ढकलणे आहे. म्हणून नाक उठत नाही, उलट दाबले जाते. नांगर खडकात अडकला तर हे ढकलणे वाढते. शिवाय त्याच्या हायड्रोलिकला टॉप लिंकवरचा दाब कळत असे आणि अडथळा आला की मागच्या चाकांवरचा भार कमी होऊन ती नुसती घसरत. या बांधणीवर त्याची व फोर्डची १९३८ मध्ये तोंडी बोलणी ठरली, पुढे बिनसले, कोर्टात गेले आणि १९५२ मध्ये फोर्ड कंपनीला ब्याण्णव लाख पन्नास हजार डॉलर द्यावे लागले. टॉप लिंक ही एवढी किंमतीची वस्तू आहे.

आणि आपण काय करतो? टॉप लिंक काढून ठेवतो आणि तिच्या पिनेच्या जागी साखळी अडकवितो. कारण ती जागा हाताशी आहे, वाकावे लागत नाही. ज्या जागी फर्ग्युसनने ढकलणे ठेवले, त्या जागी आपण ओढ लावतो.

मुलाने हे आजोबांना दाखविले. आजोबा म्हणाले, “आम्ही चाळीस वर्षं असंच बांधत आलोय, काय झालं?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. चाळीस वर्षे बोजा प्रत्येक वेळी सुटून आला. निलगिरीचा खुंट हलला, रुतलेली ट्रॉली निघाली. जो बोजा हलतो तो ट्रॅक्टर उलटवीत नाही. जो हलत नाही तो उलटवितो, आणि कोणता हलणार नाही हे बांधताना कळत नाही. आजोबांनी पडद्यावर तीन वेळा ट्रॅक्टर उलटलेला पाहिला, काही बोलले नाहीत, पत्र्याखाली गेले आणि ड्रॉबारची गंजलेली पिन रॉकेलमध्ये भिजत टाकली.

खेळात जे नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मुले म्हणतील सगळे कळले. त्यात क्लच नाही, गिअरची पेटी नाही, मागच्या दोन चाकांना वेगळ्या गतीने फिरविणारा डिफरन्शियल नाही. तार थेट बेअरिंगला जाते. हायड्रोलिकची ती जाणीव नाही. जमीन नांगरली जात नाही आणि चाक चिखलात रुतत नाही. अनगोळ-शहापूरच्या भाताच्या काळ्या रानात जून-जुलैत काय होते ते पडद्यावर कळणार नाही. म्हणून मुलाने चिखलाऐवजी एक युक्ती केली. मागच्या चाकांपुढे जमिनीत पक्के ठोकळे रोवले आणि इंजिनाला जोर दिला. बोजा नव्हता, उतार नव्हता, काही नव्हते. तरी नाक उठले आणि ट्रॅक्टर पाठीवर पडला.

चिखलणी करताना हेच होते. चाक रुतले की आपल्याकडे एक उपाय ठरलेला आहे: मागच्या चाकापुढे लाकडाचा ओंडका टाकायचा, किंवा तो साखळीने चाकालाच बांधायचा आणि रेस द्यायची. चाकाला वर चढता आले नाही तर धड फिरते. हा उपाय सोडून द्यावा. रुतल्यावर आधी चाकांमागचा चिखल फावड्याने काढावा आणि मागे घेऊन पाहावे. रिव्हर्समध्ये इंजिनाचा उलटा जोर नाक खाली दाबतो, वर उचलत नाही, हे लक्षात ठेवावे. तेवढ्याने निघाला नाही तर दुसरा ट्रॅक्टर आणावा, त्याच्या ड्रॉबारला लांब साखळी किंवा मजबूत दोर लावावा, आणि तुटला तर फटकारा बसेल एवढ्या टप्प्यात कोणी उभे राहू नये. पुढे पाऊल टाकून बघणारी मुलेच जास्त असतात.

उसाच्या हंगामातली गोष्ट वेगळी नाही. संकेश्वर, निपाणीकडच्या कारखान्यांच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर नाक हलके करून चढ चढताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. चढावर वजन आपोआपच मागे जाते. अशा वेळी थांबून पुन्हा निघताना क्लच झटकन सोडणे हे सर्वांत धोक्याचे. खालच्या गिअरमध्ये, हळू. पुढे वजनाचे पाटे असतील तर ते लावावेत, पण पाटे लावले म्हणून तिसरी ट्रॉली लावू नये. रस्त्यावर डावे-उजवे ब्रेक खिट्टीने एकत्र जोडलेले असावेत; शेतात वळण्यासाठी सुटे केलेले ब्रेक तसेच ठेवून रस्त्यावर आलेला ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो आणि ट्रॉली त्याला ढकलून आडवा करते. बांधाच्या किंवा चराच्या कडेने जाताना चर जितका खोल तितके तरी अंतर ठेवावे. पावसाने भिजलेला काठ ट्रॅक्टर पेलत नाही.

मडगार्डवर बसणे हा आपल्याकडे हक्कच समजला जातो. लावणीला जाणाऱ्या बाया, शाळेतून येणारी पोरे, दोन्हीकडे दोन-दोन. आम्ही यावर पूर्वीही लिहिले आहे, पुन्हा लिहीत राहू. ट्रॅक्टरला एकच जागा असते.

आता संरक्षक कमानीविषयी. चालकाच्या मागे उभी केलेली, पोलादाची, गणित करून तयार केलेली कमान असते. तिच्याबरोबर कमरेचा पट्टा लावला की ट्रॅक्टर उलटला तरी माणूस कमानीच्या आडोशात राहतो. ज्या स्वीडनमध्ये हा खेळ तयार झाला, त्याच देशाने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरना ही कमान सक्तीची केली, आणि तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. ट्रॅक्टर उलटावयाचे थांबले नाहीत. माणसे मरावयाची थांबली. आपल्या शिवारातल्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरना अशी कमान नाही. उन्हासाठी लावलेले छत म्हणजे कमान नव्हे, ते पहिल्याच धक्क्याला चेपते. गावातल्या वेल्डरकडून पाईप वाकवून केलेल्या कमानीवरही विश्वासू नये. ती किती वजन पेलते हे कोणी तपासलेले नसते, आणि आसाच्या घराला वेल्डिंग केल्याने तेच कमजोर होते. नवा ट्रॅक्टर घेताना मात्र कमान आणि पट्टा मिळतो का हे विचारावे, आणि मिळाला तर पट्टा लावावा. कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा लावू नये, हे उलटही तितकेच खरे आहे.

एवढे करूनही अपघात झाला तर काय करावे. प्रथम इंजिन बंद करावे, डिझेल गळत असेल तर जवळ विडी-काडी नको. १०८ ला फोन करावा आणि ‘ट्रॅक्टरखाली माणूस आहे’ असे स्पष्ट सांगावे. शिवाराची खूण, रस्त्यावरून किती आत, हे सांगावे, आणि एक माणूस रस्त्यावर उभा करावा. ट्रॅक्टर पुन्हा घसरू नये म्हणून लाकडे, दगड खाली सारावेत. छाती दबलेली असेल, श्वास कोंडला असेल तर ओझे ताबडतोब हलविले पाहिजे. सावकाश, सर्वांनी मिळून, दर बोटभर उचलीला खाली लाकूड सारीत. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढण्याची घाई करू नये. पाय किंवा मांडी दबून बराच वेळ, पाव तासाहून जास्त गेला असेल तर १०८ वाल्यांना ते आवर्जून सांगावे आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे करावे, कारण दबलेल्या अवयवातून ओझे एकदम निघाले की तेथे साचलेले विषारी द्रव्य रक्तात उतरते आणि हृदय व मूत्रपिंडाला इजा होते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. माणसाला उठवून बसवू नये, पाठीचा कणा दुखावलेला असू शकतो. पाणी, चहा काही देऊ नये. ‘मला काही झालं नाही’ असे म्हणत उभा राहिला तरी दवाखान्यात न्यावे; पोटातला रक्तस्राव तासाभराने कळतो.

तो मुलगा आता फर्ग्युसन संपवून आजोबांच्या मॅसीकडे वळला आहे. टॉप लिंक त्याने पिस्टन लावून केली आहे, अजून ती हवी तशी ढकलत नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर तो संगणक घेऊन हॉलमध्ये बसेल. ज्यांना ट्रॅक्टर उलटवून पाहावयाचा आहे त्यांनी यावे, आणि येताना आपल्या ड्रॉबारची उंची टेपने मोजून आणावी.